गोण्या आणि छातीभर पाणी

पडदा वर जातो तेव्हा समोर पाणी असतं.

निळ्या फरश्यांचा लांबट तलाव. वर पत्र्याचं उंच छप्पर, छपराखाली काचांची रांग, आणि त्या काचांतून तिरपं आलेलं सकाळचं ऊन समोरच्या भिंतीवर थरथरतंय. पाण्यातल्या औषधाचा वास नाकाला आधी भेटतो, तलाव डोळ्यांना नंतर. उजव्या अंगाला कपडे बदलायच्या खोलीचं दार आहे. ते करकरतं आणि एकेक पात्र येऊ लागतं.

सर्वांत आधी निवृत्त बसड्रायव्हर. म्हणजे आधी त्याचं पोट येतं, मग जरा वेळाने ड्रायव्हर येतो. त्याच्यामागे बँकेतला जुना कॅशियर. टॉवेल थेट बगलेपर्यंत गुंडाळलेला, जणू अजूनही कोणी काउंटरपलीकडून हात घालील. मग आणखी काही जाडजूड म्हातारे, एकमेकांकडे न बघता, भिंतीच्या कडेकडेने. पोहण्याच्या चड्डीत राजा आणि शिपाई सारखेच दिसतात. पोशाख हा माणसावर केवढा उपकार आहे, ते असल्या ठिकाणी कळतं.

आणि सर्वांत शेवटी, दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून, आडवा होऊन, गोण्या.

पहिल्या दिवशी त्याने पाण्याकडे पाहिलंच नाही. तो वर बघत राहिला. तुळया कुठून कुठे जातात, कप्पी कुठे बसेल, दोर कुठल्या भिंतीने खाली घेता येईल. जित्याची खोड, दुसरं काय.

शिट्टी वाजली. "ओ काका! पाणी खाली आहे!"

ही शिट्टीवाली बाई तिथली शिक्षिका. एके काळी शर्यतींत पोहलेली, आता गुडघे धरलेल्या म्हाताऱ्यांना छातीभर पाण्यात चालायला शिकवणारी. तोंडावर सगळे तिला ताई म्हणत, माघारी शिट्टी.

"छप्पर चांगलं आहे हो ताई," गोण्या म्हणाला. "अख्खा राजवाडा टांगता येईल."

"आधी स्वतःला उतरवा. शिडीने. मागे तोंड करून."

तो उतरला, आणि तलावाचं पाणी काठावर चढलं. ड्रायव्हरने हात वर करून आरोळी ठोकली, "पूर आला रे!" मंडळी हसली. गोण्याही हसला. हसणाऱ्यांत आधी आपण हसावं, मग कोणाचं काही लागत नाही, हे तो फार लहानपणी शिकला होता.

त्याचं हे नाव नाटकघराने ठेवलेलं. आईबापांनी दिलेलं नाव पगाराच्या दिवशी तेवढं वापरात यायचं. शहरातल्या जुन्या नाटकघरात तो पडदे ओढायचा. आज बटण दाबलं की पडदा जातो. तेव्हा माणूस लागायचा. रंगवलेले पडदे लांब लाकडी दांड्यांना बांधलेले, दांड्यांचे दोर वर माळ्यावरच्या कप्प्यांवरून फिरून बाजूच्या भिंतीशी खाली आलेले, आणि दोरांच्या टोकांना वाळूच्या गोण्या. गोणी खाली, पडदा वर. एकदा ऐन खेळात एक गोणी फाटली. वाळू विंगेत सांडली, राजवाडा अर्ध्यावर लटकला, आणि खाली राजा आपलं वाक्य संपवून नुसता उभा. हा तेव्हा कामावर नवा, पण पंगतीत कोणाला हार न जाणारा. त्याने उडी मारून दोर धरला आणि हवेतच बैठक मारली. राजवाडा सुर्रकन वर गेला. प्रेक्षकांना वाटलं, असंच बसवलंय. टाळी पडली.

मालकाने ती फाटलेली गोणी पुन्हा शिवलीच नाही. "ही गोणी बरी," तो म्हणाला. "बोलते, चालते, आणि हिला उंदीर कुरतडत नाहीत."

तेव्हापासून पोट हीच त्याची पदवी. बाकीचे पडदेवाले घामाघूम होऊन ओढायचे. गोण्या वर हात करून दोर धरायचा आणि बसायचा. "ताकद लावतो तो हमाल," तो म्हणायचा. "मी नुसता बसतो. उरलेलं पोट बघतं." पडदा वर न्यायला वजन पुरायचं. हातांचं काम खाली सोडताना. दोर एका मुठीतून दुसऱ्या मुठीत, सावकाश, असा की बघणाऱ्याला वाटावं, पडद्याला स्वतःलाच झोप आली आणि तो मिटला. ते त्याच्यासारखं कोणाला जमलं नाही. मोठमोठे नट टाळ्या झेलून आत यायचे आणि त्याच्या भिजलेल्या पाठीवर थाप मारून जायचे. कौतुकाचे शब्द त्याच्या वाट्याला फारसे आले नाहीत, थापा मात्र भरपूर आल्या. त्याला तेवढ्या पुरल्या.

राजवाडा जड, रस्ता मध्यम, जंगल हलकं. सगळ्यांची वजनं त्याच्या तळव्यांना पाठ होती. त्यावरून त्याने आपलं एक तत्त्वज्ञानही बनवलं होतं, आणि चहा पाजणाऱ्या कोणालाही तो ते ऐकवायचा. "वजनाला नाव नसतं. पलीकडे वाळू आहे, दगड आहे की माणूस आहे, दोराला काय कळतं?"

बायको त्याच नाटकघरात पोशाख शिवायची. तिच्या ओठांत कायम टाचण्या, म्हणून बोलणं कमी. पण जे बोलायची ते टाचणीसारखंच. त्याच्या सदऱ्याचं माप घ्यायला ती पहिल्यांदा आली तेव्हा टेप पोटावरून फिरवली आणि टोकं एकमेकांना भेटेनात.

"दोन माणसांचं कापड लागेल तुम्हाला," ती टाचण्यांतून म्हणाली.

"मग दोन माणसांचाच संसार करू," तो म्हणाला.

टाचणी गिळता गिळता वाचली ती. आणि लग्न झालं.

पुढे नाटकघरात मोटार आली, दोर उतरवले, गोण्याला घरी बसवलं. त्याचं त्याने फार मनाला लावून घेतलं नाही. घरी शिलाईच्या मशीनचा आवाज होता, तिचे टोमणे होते, दुपारची झोप होती. मग एके सकाळी मशीन चालता चालता थांबलं. ती खुर्चीतून उजवीकडे कलली ती कललीच. मेंदूत रक्ताची गुठळी. उजवं अंग गेलं आणि शब्द गेले. इतक्या शब्दांतून एकच परत आला, डोंगराएवढ्या ढिगाऱ्यातून एखादी वाटी अख्खी निघावी तसा.

"हळू."

पाणी पाजताना हळू. कूस बदलताना हळू. मुलगी रडत जवळ आली तेव्हाही, तिच्या केसांवरून डावा हात फिरवत, हळू.

डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज उठवून खुर्चीत बसवा, नाही तर पाठीला जखमा होतील. तीही काही पीस नव्हती. गोण्याच्या गुडघ्यांत तिला उचलण्याचं बळ नव्हतं. पण त्याने वर पाहिलं आणि तुळई दिसली. नाटकघराच्या भंगारातून त्याने दोन कप्प्या आणल्या, दोर आणला, आणि कधीकाळी तिनेच शिवलेल्या जुन्या मखमली पडद्याची झोळी केली. शेजाऱ्यांना वाटलं, म्हाताऱ्याला वेड लागलं. त्याने झोळी तिच्याखाली सरकवली, दोर धरला, आणि बसला. ती अलगद वर आली. लालभडक मखमलीत, डोळे विस्फारून, केस विस्कटलेले.

"हळू," ती म्हणाली.

"हळूच गं. राणीसरकारांना कोण आदळेल?"

मग मूठ मूठ दोर सोडत त्याने तिला खिडकीजवळच्या खुर्चीत ठेवलं. खाली रस्ता, समोर चपला शिवणाऱ्याचं दुकान, बसचा थांबा. ती दिवसभर ते बघायची. रोज सकाळी पडदा वर, रोज संध्याकाळी पडदा खाली. त्याला पुन्हा नोकरी लागली होती.

मुलीला हे बघवत नसे. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. तिला तिची नोकरी, तिची सासू, तिची पाठदुखी. दर रविवारी यायची, आईचे केस विंचरायची, आणि बापाकडे बघून ओठ घट्ट मिटायची. एका रविवारी ते उघडले.

"बाबा, जिना चढताना किती वेळा टेकता तुम्ही? खालच्या काकूंनी सांगितलं मला. उद्या तुम्हालाच काही झालं तर आई त्या झोळीत लटकत राहील."

"मी दोर धरून पडलो तर ती वरच जाईल. खाली नाही यायची."

"विनोद नकोय मला!" तिच्या हातातली फणी थांबली. "माझ्या घराजवळ एक संस्था आहे. चांगली आहे. बायका मायेने करतात. एक जागा रिकामी होतेय, तीन-चार महिने राखून ठेवतील. मी रोज आईकडे जाईन."

"आणि मी?"

तिने फणी पुन्हा आईच्या केसांत घातली. खुर्चीतून आई दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

शेवटी ठरलं ते असं: डॉक्टरांनी तपासून बाबांना धडधाकट म्हटलं तर आई इथेच राहील. नाही म्हटलं तर संस्था. मुलीने बापाचा हात हातात घेऊन वचन घेतलं, लहानपणी तो तिच्याकडून घ्यायचा तसं.

डॉक्टर तरुण होता आणि भला होता. त्याने गोण्याला अनवाणी एका यंत्रावर उभं केलं, दोन मुठी धरायला दिल्या. समोरच्या काचेवर माणसाची आकृती उमटली. अर्धीअधिक पिवळी, मध्ये मध्ये लाल.

"हे पिवळं म्हणजे चरबी, काका. हे लाल म्हणजे स्नायू. पिवळं घटायला हवं, लाल टिकायला हवं, जमलं तर वाढायला हवं. नुसतं वजन उतरवून मला नको. तुमचे गुडघे बघता पाण्यातला व्यायाम बरा, तिथं भार येत नाही. आणि पोटभर जेवा. अंडी, डाळी, दूध. उपास अजिबात नको. तीन महिन्यांनी परत या."

गोण्याने मान डोलावली. शब्द न् शब्द त्याच्या कानांवर पडला होता. पण पिवळं काय नि लाल काय, ती त्याला रोषणाई वाटली. रंगीत दिवे कुठलेही लावा, राजवाड्याचं वजन बदलत नसतं. शिकलेला माणूस, बोलतो जरा सजवून. मुद्दा एकच: गोणी जड झाली आहे, वाळू काढायची आहे.

म्हणून तो तलावावर आला.

पाण्याने पहिल्याच दिवशी त्याच्यावर जादू केली. छातीपर्यंत आत गेला आणि गुडघे गप्प झाले. कित्येक वर्षं कुरकुरणारं बिऱ्हाड एकाएकी घर सोडून गेल्यासारखं. तो दोन पावलं चालला, चार चालला, आणि लहान मुलासारखा ताईकडे बघू लागला.

"दुखत नाहीये," तो म्हणाला.

"मग थांबलात का? चला! गुडघा वर! हाताने पाणी मागे लोटा!"

मंडळी रांगेने चालू लागली. ड्रायव्हर वळणावर तोंडाने हॉर्न वाजवायचा. कॅशियर शिंकला की तलावभर लाटा जायच्या. मग काठाचा दांडा धरून पाय झाडायचे. मग फोमची डंबेल्स पाण्याखाली दाबायची. ती वर उसळतात, आपण खाली दाबायची. इथे गोण्याचं घोडं पेंड खायचं. तो डंबेल्स काखेत धरायचा, पाय उचलायचा आणि पाण्यावर तरंगत बसायचा. जन्मभर त्याने तेच केलं होतं. जोर करायचाच नाही, वजनाला काम करू द्यायचं. पण पाण्यात वजनच नव्हतं. पाण्याने त्याचं भांडवल काठावरच काढून घेतलं होतं, आणि हे त्याच्या ध्यानात येत नव्हतं.

"काका, पाण्यावर बसू नका! ढकला पाण्याला!" ताई ओरडायची. "दंडात जोर येऊ दे!"

"येतोय की."

"कुठे येतोय? मला तर तुम्ही सहलीला आल्यासारखे दिसताय!"

घरी त्याने वेगळाच प्रयोग लावला होता. सकाळी कोरा चहा. दुपारी काकडी. संध्याकाळी पुन्हा चहा, आणि फारच कावळे ओरडले तर अर्धा पाव. अंडं उकडायचा तो, डाळही शिजवायचा, पण ते सगळं चमच्याचमच्याने बायकोच्या तोंडात जायचं. ताकास तूर लागू दिली नाही त्याने कोणाला. आपण फार हुशारीने चाललोय असंच त्याला वाटत होतं. एकीकडून पाणी, दुसरीकडून उपास. दोन्ही दोर एकदम ओढले की पडदा लवकर जातो.

आणि काटा उतरू लागला. तलावाच्या दाराशी तबकडीचा जुना वजनकाटा होता. आकडा वाचायचा मान कॅशियरचा. वाकून, चष्मा सावरून, तो बँकेच्या आवाजात जाहीर करायचा, "खात्यातून पुन्हा रक्कम काढलेली दिसते!"

"गोणी फाटली रे, गोणी फाटली!" ड्रायव्हर नाचायचा. "वाळू कुठे सांडतेय बघा!"

टाळ्या पडायच्या. आपल्यासाठी वाजलेल्या टाळ्या गोण्याने आयुष्यात प्रथमच ऐकल्या होत्या. तो वाकून नमस्कार करायचा आणि सरळ होताना त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. तेवढ्यापुरता तो भिंतीला हात लावायचा.

ताईने एकदा ते पाहिलं. "जेवता ना नीट, काका?"

"जेवतो की."

"काय जेवता?"

"असेल ते."

खोटं काहीच नव्हतं त्यात. असायचंच नाही काही.

घरी दोराला मात्र फरक कळू लागला. तो बसायचा, आणि झोळी पूर्वीसारखी झटक्यात उठायची नाही. त्याचे पायच जमिनीवरून सुटायला बघायचे. घोडं कुठे अडलं ते त्याने ओळखलं आणि उपायही काढला. वाळूची एक छोटी पिशवी शिवली, कमरेला बांधली. बसला. ती वर आली. "बघितलंस?" तो म्हणाला. "वजन म्हणजे वजन."

झोळीतून खाली येऊन खुर्चीत टेकल्यावर तिने त्याच्या कमरेच्या पिशवीकडे पाहिलं. मग डाव्या हाताने त्याचा दंड धरला. चिमटीत कातडी पकडली, सैल झालेलं कापड किती दाबायचं ते बघावं तशी. मग तीच चिमूट त्याच्या पोटाला लावून पाहिली. पोट होतं तसंच होतं. मापं घेण्यात उभा जन्म गेलेली बाई ती. तिने मान हलवली, दोनदा, तीनदा.

"हळू," ती म्हणाली.

"हळूच तर सोडलं गं," तो म्हणाला. आपल्याला वाटतं माणसाला शब्द हवेत. ऐकणाऱ्याचं मन आधीच भरलेलं असेल तर शब्द असून तरी काय व्हायचं होतं?

तीन महिने भरले. गोण्या नव्या पट्ट्याने जुनी विजार आवळून डॉक्टरकडे गेला, दार उघडतानाच छाती काढून. यंत्रावर उभा राहिला, मुठी धरल्या. काचेवर आकृती उमटली. डॉक्टर आकृतीकडे बघत राहिला. मग त्याने गोण्याला खुर्चीत बसायला सांगितलं आणि स्वतःची खुर्ची जवळ ओढली. वाईट सांगायचं असलं की नट प्रेक्षकांजवळ येतो, तसा.

"काका, तुम्ही जेवत नव्हता."

"वजन उतरलं ना पण?"

"उतरलं. पण जायला नको ते गेलं. हे पिवळं बघा. जवळपास होतं तिथेच आहे. लाल आटलंय. उपाशी शरीर आधी स्नायूच खाऊन टाकतं. पाण्यातल्या व्यायामाने स्नायू राखायचा होता, आणि तुम्ही त्यालाच काही दिलं नाहीत."

"पण काटा खाली आलाय हो! सगळ्यांनी बघितलाय."

"काट्याला काय कळतं, काका?" डॉक्टर हळुवार म्हणाला. "चरबी गेली की स्नायू गेला, त्याला सगळं सारखंच."

आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून, भलत्याच अंकात ऐकल्यासारखा गोण्याचा चेहरा झाला.

"आता जेवा. तलाव सोडू नका. वर्षभरात भरून निघेल कदाचित. पण बाईंना उचलायचं बंद. हातात पकड राहिलेली नाही तुमच्या."

वर्षभर. संस्थेत राखलेली जागा आता आठवडाभरच राहणार होती.

संध्याकाळी मुलीचा फोन. "काय म्हणाले डॉक्टर?"

गोण्या खिडकीपाशी उभा होता. खुर्चीतून ती त्याच्याकडेच बघत होती, आणि तिच्या मांडीवर सकाळचं ऊन पडायचं तिथे आता रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड होता.

"वजन उतरलं म्हणाले," तो म्हणाला. "बरंच उतरलं म्हणाले."

पलीकडे मुलगी हसली आणि हसता हसता रडली. "बाबा, मला वाटलंच नव्हतं हो तुम्ही कराल म्हणून." दुसऱ्या दिवशी तिने संस्थेत कळवलं, जागा नको.

आणि त्यानंतर गोण्याने तोंड उघडून, खरंच, जेवायला सुरुवात केली. दोन्ही वेळ डाळ, सकाळी अंडं. तलावात पाण्याला ढकलू लागला. ताई म्हणालीसुद्धा, "आज काय झालंय काय काकांना! शाब्बास!" त्याला वाटलं, निभावून नेऊ. कोणाला कळायच्या आत हातात परत जोर येईल. एवढे राजवाडे निभावले.

पण उशीर झालेल्या नटासाठी खेळ थांबत नाही. एका सकाळी त्याने पिशवी कमरेला बांधली, झोळी सरकवली, बसला. ती वर आली. मखमलीचा रंग एव्हाना उडाला होता. त्याने तिला खुर्चीच्या वर आणलं आणि दोर सोडू लागला. एक मूठ. दुसरी मूठ. खुर्ची हातभर अंतरावर राहिली होती. त्याने बोटं उघडली नाहीत. बोटं आपसूक उघडली.

फार उंचीवरून नाही पडली ती. पण खुर्चीचा लाकडी हात मध्ये आला, आणि त्याने तिचं कंबरेचं हाड गाठलं. दोर कप्पीवरून सळसळत गेला आणि त्याचं टोक येऊन तिच्या मांडीवर पडलं. गोण्या तिच्या तोंडाकडे बघत राहिला. ती काही म्हणेल म्हणून. तिने ओठ मिटले होते. तो एक शब्दही मग परत आला नाही.

इस्पितळाच्या व्हरांड्यात मुलीला सगळं कळलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, मला सांगायचं होतंत."

"सांगितलं की. वजन उतरलं होतं."

तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि मग बघणं सोडून दिलं.

जवळची संस्था हातची गेली होती. मिळाली ती शहराबाहेरची. तिथे जायला दोन बस, आणि मधला थांबा उघड्यावर. गोण्या जायचा. स्वच्छ खोल्या, पांढऱ्या चादरी, एका ओळीत खाटा. तिथे बाईंना खुर्चीत बसवायला चाकांचं यंत्र होतं. परिचारिका पट्टे अडकवायची आणि बटण दाबायची. मोटार गुणगुणायची. बायको वर जायची, थांबायची, खाली यायची, कुठे धक्का नाही की हिसका नाही. गोण्या भिंतीशी उभा राहून बघायचा. त्याच्या मुठी आपोआप हलत असायच्या, एकीखाली दुसरी, एकीखाली दुसरी, जणू तोच सोडतोय.

"बाजूला व्हा हं आजोबा," परिचारिका गोड आवाजात म्हणायची.

तलावावर तो येत राहिला. का, ते कोणी विचारलं नाही. काट्यावर उभं राहायचं त्याने सोडलं. कॅशियरनेही आकडे वाचणं सोडलं. ड्रायव्हर वळणावर हॉर्न वाजवायचा, पण हळू आवाजात. गोण्या आता रांगेत चालत नसे. कोपऱ्यात छातीभर पाण्यात उभा राहायचा, दोन्ही हात पाण्याखाली पुढे पसरून, तळवे वर. हातांवर काही आडवं ठेवलेलं असावं तसा. तसाच तो सावकाश गुडघे वाकवायचा, आणि सावकाश सरळ व्हायचा. ताई शिट्टी वाजवायची नाही. वाजवावीशी वाटत नसे तिला.

एके दिवशी तलावावरून तो नेहमीप्रमाणे निघाला, पहिली बस घेतली, मधल्या थांब्यावर उतरला आणि दुसरीची वाट बघत बाकावर बसला. दुसरी बस आली, लोक चढले, बस गेली. कोणाला वाटलं, म्हाताऱ्याची डुलकी लागलीये. आयुष्यभर बसून काम केलेला माणूस तो. गेलाही बसल्या जागीच.

पुढे मंडळींनी आपापल्या परीने त्याचं शेवटचं वाक्य रचलं. ड्रायव्हर शपथेवर सांगतो की शिडी चढताना तो वळला, हात जोडले आणि म्हणाला, "येतो रे, पडदा पाडून टाका." कॅशियरला त्याने "हिशेब पुरा झाला" असं म्हटल्याचं आठवतं. दोन्ही वाक्यांना टाळी पडली असती. दोघांनी प्रेमापोटी म्हटलंय, त्यांना नावं ठेवू नयेत. पण त्या सकाळी ड्रायव्हर दुसऱ्या टोकाला पाय झाडत होता आणि कॅशियरच्या कानांत पाणी गेलं होतं. जवळ होती ती ताई. ती पाण्यात उतरून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली होती, आणि हात पाण्याखाली पसरलेल्या त्या माणसाला तिने विचारलं होतं, काका, हा कुठला व्यायाम. त्याने हात तसेच ठेवले. तिच्याकडे पाहिलं नाही. शिडी चढून, टॉवेल खांद्यावर टाकून तो गेला, त्यानंतर वाटेत कोणाशी बोलल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही. तो म्हणाला होता ते एवढंच:

"ताई, हिला एकदा इथं आणता येईल का हो? पाण्यात मला उचलवेल."